चाकापुढचं अंडं

कुंभार्ली घाटातलं पहिलं मोठं वळण आलं, समोरून एसटी वर येत होती, आणि माझे सासरे सीटवरून उठून उभे राहिले.

गाडी चालवता चालवता उभा राहणारा माणूस मी लग्नाआधी पाहिला नव्हता. मामंजी दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळले, टोपी टपाला टेकून चपटी झाली, आणि अंगाचा सगळा भार त्यांनी उजव्या पायावर, म्हणजे ब्रेकवर टाकला. पिकअप कण्हत, कुरकुरत, स्वतःच्या मर्जीनं थांबल्यासारखी थांबली. एसटीच्या ड्रायव्हरने जाता जाता हात जोडले. तो नमस्कार मामंजींना होता की घाटातल्या देवीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अंडी बघ," मामंजी खाली बसत म्हणाले.

मी मागच्या काचेतून बघितलं. "हायत सगळी. मामंजी, खाली पोफळीपास्नं मी घेऊ का गाडी? तितनं सपाटीच हाय."

"ह्यो ब्रेक बघितलास न्हवं? बाईच्या पायानं लागायचा न्हाय." हे उत्तर त्यांचं ठरलेलं होतं.

ही गोष्ट बरीच जुनी. आमचं गाव पाटणच्या पुढं, कोयनेच्या काठाला. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मी, आणि मागच्या शेडमध्ये कोंबड्या. आमचे हे वाशीच्या मार्केटात माथाडी. घरी यायचे ते जत्रेला आणि दिवाळीला. दिवसाआड अंडी भरायची आणि घाट उतरून चिपळूणला द्यायची, हा आमचा धंदा. मी बरोबर जायची ती ट्रे उतरवायला.

आणि मला गाडी चालवायची होती. त्यामागे काही मोठं कारण नव्हतं. माझ्या वडिलांची उंब्रज-पाटण रस्त्यावर सीटमागे भाडं घेणारी वडाप जीप होती, तिच्यावर मी शिकले, लायसन काढलं आणि लग्नात भांड्यांच्या पेटीतून सासरी घेऊन आले. पुढे ते तिथेच भांड्यांखाली पडून राहिलं. घाटात दर वळणाला माझे हात मांडीवर आपोआप वळायचे. जेवताना ताट पुढे ओढतानासुद्धा मी मनातल्या मनात गिअर टाकायची. वेड लागायचंच काय ते बाकी होतं.

पण मामंजी खोटं बोलत नव्हते, तीच खरी पंचाईत. एकदा ते झोपले असताना मी गाडी अंगणात फिरवून पाहिली होती. ब्रेकवर दोन्ही पाय रोवले, दात-ओठ खाल्ले, तरी गाडी निवांत जाऊन उकिरड्यात शिरली. तो ब्रेक मामंजींसारख्या दांडग्या माणसाचंच ऐकायचा.

घाटातल्या त्या खेपेनंतर त्याच आठवड्यात मामंजी भाच्याची सुपारी फोडायला कराडला गेले. त्यांची एसटी वळणाआड झाली आणि आत्याबाई ओट्यावरून उठल्या.

"शालन, गाडी काढ."

"कुठं?"

"दस्तगीरकडं, पाटनला. त्यो ब्रेक दुरुस्त करून आनायचा. म्हातारा एक दिस त्या घाटात उभ्याचा उभा जाईल, आन मी हितं कोंबड्या राखत बसंन."

"पर ब्रेक तर मला लागत न्हाय. पाटनपत्तूर जायाचं कसं?"

आत्याबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला. "तुझा एक पाय आन माझा एक पाय. दोघींचा मिळून त्यांचा एक हुतोय का बघू."

तर आम्ही अशा निघालो. स्टेअरिंगवर मी. शेजारी आत्याबाई, पण शेजारी तरी कसल्या, गिअरच्या दांडीवरून उजवा पाय टाकून जवळजवळ माझ्या मांडीवर. ब्रेक लावायचा झाला की मी पाय ठेवायचा आणि "आत्याबाई" म्हणायचं. मग त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवून सगळा जोर लावायचा. पहिल्यांदा जमलं नाही, कारण मी "आत्याबाई" म्हटल्यावर त्या "काय गं?" म्हणाल्या. तोवर एक म्हैस थोडक्यात वाचली. मग त्यांना ताल सापडला, आणि एकदा ताल सापडल्यावर त्या मी न बोलवताही पाय मारायला लागल्या. समोर कुत्रं दिसलं, मार. बस थांबा दिसला, मार. ओळखीची बाई दिसली, तिला दाखवायला मार. पाटण येईपर्यंत आम्ही दोघी हसून हसून इतक्या गळून गेलो होतो की पायात जोर उरला नाही, आणि दस्तगीरच्या गॅरेजसमोर गाडी हँडब्रेकवरच थांबवावी लागली.

दस्तगीर मिस्त्री अंगाने काटकुळा आणि तोंडाने फाटका. आम्हाला बघून म्हणाला, "आलात एकदाच्या. सर्जेराव कुठं हायत?" सर्जेराव म्हणजे मामंजी.

"त्यांना काय विचारतोस," आत्याबाई म्हणाल्या. "ब्रेक बघ."

त्याने मला बंद इंजिनावर चार-पाचदा पेडल मारायला लावलं, मग दाबून धरायला सांगितलं. "आता स्टार्टर दे. पेडल खाली सरकलं?"

"न्हाय."

"सरकाय पायजे हुतं. बूस्टर मेलाय." त्याने बॉनेट उघडलं. पेडलच्या बरोबर समोर, इंजिनाच्या बाजूला, भाकरीच्या डब्याएवढा पत्र्याचा गोल डबा होता. इंजिन चालू झालं की त्या डब्यातली हवा ओढून घेतली जाते, आणि त्या ओढीने आपल्या पायाचा जोर कित्येक पटींनी वाढतो. आतला रबरी पडदा फाटला की पाय एकटा पडतो. मामंजींचा पाय किती वर्षं एकटा पडला होता कोण जाणे.

"आता दोन वाटा हायत," दस्तगीर म्हणाला. "हाय तसलाच बसवायचा, न्हाईतर नव्या मॉडेलचा डबल पडद्याचा. मोठा हाय. त्याला पट्टी नवी मारावी लागंल, आतली दांडी मापात घ्यावी लागंल, वेळ लागंल. पर ब्रेक असा लागंल की बोट ठिवलं का गाडी हुबी."

"मोठाच बसव," आत्याबाई म्हणाल्या. पातेलं घ्यायचं तर मोठं घ्यावं, हा त्यांचा सगळ्या खरेदीतला नियम होता.

दुपार कलेपर्यंत तो बॉनेटमध्ये आणि स्टेअरिंगखाली आलटून पालटून उलटा लटकला होता. जुना डबा निघाला, नवा बसला, तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. मग त्याने खिशातून लिंबू काढलं. दस्तगीरचा एक नेम होता, आणि तो आख्ख्या तालुक्याला ठाऊक होता. नवी गाडी घेतली की लोक चाकाखाली लिंबू चिरडतात. दस्तगीर ब्रेकचं काम केलं की लिंबू चाकापुढं, लांब रस्त्यावर ठेवायचा. गाडी वेगात आणायची आणि चाक लिंबाला नुसतं टेकवून थांबवायची. लिंबू फुटलं तर काम परत उघडायचं.

"बोट लावायचं, बोट," तो मला म्हणाला. "पाय न्हाय."

मी गाडी आणली, लिंबू दिसलं, आणि मी बोट लावणार एवढ्यात आत्याबाईंचा पाय सवयीने आला.

गाडी नाकावर उभी राहिली. आत्याबाई डॅशबोर्डवर पालथ्या, मी स्टेअरिंगवर, आणि लिंबू तिकडे लांब, सुखरूप. मग डॅशबोर्डवरून बारीक आवाज आला, "लागला गं बाई ब्रेक."

आत्याबाईंना खाली उतरवून मी पुन्हा प्रयत्न केला. चप्पल काढली. अनवाणी पायाने पेडल कळतं. किती दाबलं, किती सोडलं, सगळं तळव्याला समजतं. तिसऱ्या खेपेला चाक लिंबाला टेकलं आणि लिंबू जरासं हललं. मला इतका आनंद झाला की मी दस्तगीरच्या पाया पडले. तो घाबरून मागे सरला.

परत येताना आत्याबाईंना मागे बसवलं. मी पाटणपासून गावापर्यंत एका बोटावर गाडी आणली आणि वाटेत गाणी म्हटली.

"मामंजींना काय सांगायचं?" मी घरी आल्यावर विचारलं.

"कायबी न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "सांगितलं तर जुना डबा परत बसवतील, येवढा हेका हाय त्यांचा. न्हाई सांगितलं तर ब्रेक लागल्यावर म्हनतील, बघा, माझ्याच पायात जोर आला. खूश हुतील. मग चार दिसांनी हळूच सांगू."

हे मला पटलं. पुढचं काही दोघींच्याही डोक्यात आलं नाही. ब्रेक हलका झाला होता, पण मामंजींचा पाय तोच होता, आणि त्या पायाला एकच रीत माहीत होती.

मामंजी रात्रीच्या गाडीने आले, आणि सकाळी अंडी भरून झाल्यावर चिपळूणला निघाले. मी त्यांच्या शेजारी बसले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. गाडी आळीतून उताराला लागली. मारुतीच्या देवळापाशी धोंडीबा मोहित्यांची शेळी आडवी आली.

मामंजी उठले.

मी "मामंजी, बोट" एवढंच म्हणू शकले. ते पूर्ण भाराने ब्रेकवर उभे राहिले आणि गाडी जागच्या जागी खिळली. गाडी थांबली, पण अंडी थांबली नाहीत. वरचे सगळे थर दोऱ्या तोडून केबिनवर आले, केबिनवरून काचेवर आले, आणि काचेवरून पिवळा-पांढरा पूर बॉनेटवर उतरला. मामंजींचं कपाळ काचेला टेकलं होतं. ते तसेच राहिले. मग त्यांनी सवयीने वायपर लावला, आणि काचेवरचा बलक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नीट सारवला गेला.

शेळी तोवर निघून गेली होती.

आळी जमली. त्या दिवशी नेमका शनिवार. निम्म्या बाप्यांचा मारुतीचा उपास. ते नुसतेच गाडीभोवती उभे राहून आवंढे गिळत होते. बाया मात्र पातेली घेऊन आल्या. फुटकी-अर्धी अंडी वेचली गेली आणि दुपारपर्यंत घराघरांतून अंड्याच्या पोळ्यांचा वास सुटला होता. आत्याबाई धावत आल्या, गाडीकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं, आणि पदर तोंडात कोंबून देवळामागे गेल्या. तिकडून त्यांचा आवाज येत होता. त्या रडतायत असं सगळ्यांना वाटलं. मला माहीत होतं.

"ब्रेकला काय केलंत?" मामंजींनी मला विचारलं. उतरताना टपावरून गळलेला बलक त्यांच्या मिशीवरून ओघळत होता.

मी सांगितलं. पाटण, दस्तगीर, डबल पडदा, लिंबू, सगळं. ते ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी काच धुवायला लावली, उरलेले ट्रे उतरवायला लावले, त्यातलं एक धड अंडं उचललं आणि शाळेच्या पटांगणात नेऊन मधोमध ठेवलं.

"दस्तगीरचं लिंबू ऱ्हाऊ दे. आपल्या घरचं अंडं. टेकवून दावतो," ते म्हणाले. "दावलं, तर ह्या गाडीला परत कुनी हात लावायचा न्हाय."

त्यांनी टेकवलं तर माझं स्टेअरिंग गेलं, कायमचं.

त्यांनी गाडी आणली, आणि अंडं चांगलं लांब असतानाच गाडी गपकन थांबली. मामंजी उभे होते. परत आणली, परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळून बसून राहायचा प्रयत्न केला, पण अंडं दिसलं की कुणीतरी आतून उचलल्यासारखे ते उठायचे. शाळेच्या कट्ट्यावर बसलेली गंगू म्हातारी म्हणाली, "सर्जेराव, दमानं येऊ द्या. तुमी पोचस्तवर अंड्यातनं पिल्लू बाहीर यील." पोरं हसली. शेवटी एकदा ते इतके जपून आले, इतके जपून आले, की ब्रेक लावायचाच राहिला आणि अंडं चाकाखाली गेलं.

कुणी हसलं नाही तेव्हा. मामंजी खाली उतरले. "हिला दुसरं द्या," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी चप्पल काढली. गाडी आणली. तळव्याला पेडल कळलं. गाडी थांबल्यावर पुढे काय झालं ते मला वरून दिसेना. मामंजी गुडघे टेकून चाकापाशी वाकले. चाक आणि अंड्याच्या मधे त्यांनी करंगळीचं नख घालून पाहिलं. ते जाईना.

"टेकलंय," ते म्हणाले, आणि तोंड धुवायला घरी गेले.

पटांगणात शिट्ट्या झाल्या, आत्याबाईंनी माझी अलाबला घेतली, पण मी हरखून जाऊ शकले नाही. मामंजींची पाठ घराकडे जाताना दिसत होती. गाडी मला हवी होती. त्यांना असं चालत जाताना बघायचं मात्र मला नको होतं.

ते परत आले ते धुतलेला सदरा घालून, आणि डाव्या बाजूचं दार उघडून बसले. "चिपळूनचा बेकरीवाला वाट बघत आसंल. आजच्या दिवस तू घे. उद्याचं उद्या बघू."

उरलेली अंडी भरून आम्ही निघालो. हेळवाक गेलं, घाट सुरू झाला. मामंजींचा उजवा पाय दर वळणाला समोरच्या पत्र्यावर आपटत होता. हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं. गाडी लोण्यासारखी उतरत होती. दुसरा गिअर, जरासं बोट, वळण. पुन्हा जरासं बोट. मी इतकी खूश होते की समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात करत होते, आणि तेही परत करत होते.

अर्ध्या घाटात रस्ता जिथे रुंद होतो तिथे मामंजी म्हणाले, "थांब."

माझं काही चुकलं असं मला वाटलं. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, उतरले. ते कठड्यापाशी जाऊन उभे राहिले होते. खाली सगळं कोकण पसरलं होतं. डोंगर एकामागं एक, मधे हिरव्या भातखाचरांचे तुकडे, वाशिष्ठीचं पाणी, आणि लांब कुठंतरी धुकं.

बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये कवापास्नं हाय?"

"पयल्यापास्नं, मामंजी."

"मला म्हाईत न्हवतं. मी निस्ता रस्ता बघायचो. जरा इकडं तिकडं बघितलं तर ब्रेक लागायचा न्हाय."

"मग बूस्टर कवाच बदलायचा हुता."

"दस्तगीरनं सांगितलं हुतं मला," ते म्हणाले. "तू लगीन करून आलीस त्याच वर्सी. म्हनला, बूस्टर गेलाय, एका दिसाचं काम हाय. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे."

"का?"

"ब्रेक हलका झाला आसता तर तू कवाच बसली आसतीस. लायसनवाली सून. मग मी काय करनार? शेडमधी बसून अंडी घालू?"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. इतकी वर्षं हा माणूस दिवसाआड जीव मुठीत धरून या घाटात उभा राहत होता, कशासाठी, तर आपण अजून लागतो एवढं वाटावं म्हणून. मी त्यांच्या शेजारी जाऊन कठड्याला टेकून उभी राहिले.

"बेकरीवाला तुमच्याबिगर अंडी उतरवून घेत न्हाय," मी म्हणाले. "माझ्याशी तर त्यो बोलतबी न्हाय."

"त्यो कुनाशीच बोलत न्हाय. खडूस हाय." ते अजून खालीच बघत होते. "उद्या तुझ्या सासूला घे संगं. तिनंबी ह्ये बघितलं न्हाय. ती बसंल माझ्या जाग्याव, मी मागं बसतो, अंडी धरून."

"उद्या अंड्यांची खेप न्हाय. परवा."

"परवा का हुईना."

मी नीट ऐकलं होतं. तरी मला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं. "पर परवा गाडी चालवनार कोन?"

मामंजींनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "किल्ली कुनाच्या हातात हाय?"

माझ्या हातात होती. मी जाऊन गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, आणि ते दरीपासून हलेनात म्हणून चांगला लांबलचक हॉर्न वाजवला.